पोर्तो रोक्कोची दुपार

जिन्याच्या कठड्याखालून मेनेलाओसने बोट फिरवलं आणि उजेडात धरून पाहिलं.

"काय सापडलं?" त्याची बायको आर्गिरो चार पायऱ्या खाली थांबली होती.

"काही नाही." त्याच्या आवाजात किंचित निराशा होती. "पोरं नीट काम करतात."

"तिकिटावर आलायस. पगार नाही मिळायचा."

ग्रीसचं पिरेअस बंदर सोडून तिसरा दिवस. असल्याच पर्यटक जहाजांवर मेनेलाओसने सत्तावीस वर्षं सफाईच्या कामात काढली होती, त्यातली शेवटची नऊ मुकादम म्हणून. प्रवासी म्हणून ही पहिलीच खेप. लेकीने, फोतिनीने, तिकिटं हातात ठेवली होती. जेवणघराच्या दारात हातांवर औषध फवारणारी मुलगी उभी असे. कोणी तिला चुकवून आत निसटलाच, तर "अहो, हात!" असं तिच्याआधी मेनेलाओसच ओरडे. तेवढ्यापुरती आर्गिरो त्याला ओळख देत नसे. बाकी जहाजावर ती खूश होती. ताणून घातलेल्या चादरी, आयतं जेवण, आणि भांडी घासायला दुसरं कोणी.

शिवाय आज पोर्तो रोक्को होतं. दर हिवाळ्यात तो घरी आला, की जेवताना या इटालियन गावाच्या गोष्टी निघत. चौकातलं चार सिंहांचं कारंजं. निळ्या घुमटाचं चर्च, आणि पायऱ्यांवर बदामाची मिठाई विकणारी म्हातारी. फोतिनी ताटावरच पेंगायला लागे, तरी गोष्टी संपत नसत.

धक्क्यावर तो झपाझप चालला. गोदामं, दोरखंडांचे ढीग, कोपऱ्यातला पाण्याचा नळ, सगळं तोंडपाठ. फाटकाबाहेर मात्र पावलं मंदावली. त्याने डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे.

"इकडून," तो म्हणाला.

तासभर ते हिंडले. दुपारची दुकानं बंद होती. चौकात मोटारी लावलेल्या. चर्च होतं, पण पिवळं, आणि दाराला कुलूप. शेवटी दारात खुर्ची टाकून बसलेल्या एका बाईला मेनेलाओसने मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये विचारलं. बाई हसली आणि बरंच काही बोलली.

"काय म्हणते?"

त्याने टोपी काढली. "म्हणते, जन्म इथेच गेला. कारंजं कधी नव्हतंच."

आर्गिरो चर्चच्या पायरीवर बसली. बराच वेळ तिने टाच चोळली.

"तू गावात कधी आलाच नव्हतास ना?"

"धक्क्यापर्यंत यायचो." तो तिच्या शेजारी बसला. "प्रवासी उतरले की आमचं खरं काम सुरू. सहा तासांत अख्खं जहाज धुवायचं. संध्याकाळी ते परत आले, की काय काय पाहिलं ते बोलायचे. कुठल्या गावातलं कुठलं, कोण लक्षात ठेवतो? मी आपला ऐकून ठेवायचो. तुम्ही दोघी वर्षभर वाट बघायचात. काय सांगू, संडास घासले?"

समोरच्या खिडकीत कुणीतरी गालिचा झटकला.

"मग सांग ना," ती म्हणाली. "कसे घासायचात?"

"थट्टा करतेस?"

"नाही रे."

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. मग, आधी अडखळत, तो सांगू लागला. एका वर्षी पोटाची साथ आली होती. तीनशे माणसं आडवी. प्रत्येक कठडा तासातासाला क्लोरीनने पुसायचा, बोटांची सालं निघाली...

"त्या वर्षी हात थंडीने फुटले म्हणाला होतास."

"हो." तो थांबला. "एक नॉर्वेची बाई होती, ऐंशीच्या पुढची. माझ्या अंगावरच ओकली आणि रडायला लागली. मला शब्द कळेना तिचा. रात्रपाळी सोडून बादली धरून बसलो. तेव्हाच्या मुकादमाने आईबहीण काढली माझी."

"वाचली का ती?"

"वाचली म्हणजे! चौथ्या दिवशी नाचायला उतरली. आणि नाचायला कोणाला ओढलं असेल?"

"तुला?"

"मुकादमाला!"

आर्गिरो एवढ्या मोठ्याने हसली, की खुर्चीतली बाई वळून पाहू लागली. जहाजाचा पहिला भोंगा झाला. आर्गिरोने बूट काढून बाजूला ठेवले आणि पाय लांब केले.

"अजून दोन होतील," ती म्हणाली. "पुढे सांग."