मच्छरदाणीला जाळ्याची गाठ

मी एक जुनी सुती मच्छरदाणी आहे. आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी रडगाणं गायला बसलेली नाही. रंग पांढऱ्याचा पिवळट झालाय, अंगावर एक ठिगळ आहे, पण मुर्धा गावातले डास अजून माझ्या नावाने बोटं मोडतात.

माझा जन्म कारखान्यात झाला. बारीक सूत उभं-आडवं घालून मला विणलं, चार कोपऱ्यांना नाड्या शिवल्या आणि खाली जाड कापडाची झालर लावली. भाईंदरच्या बाजारात एका दुकानाच्या फळीवर मी घडी होऊन पडले होते, तिथून लक्ष्मीआईने मला उचललं. दुकानदार नायलॉनची मच्छरदाणी पुढे करत होता. "भाभी, ये ले जाओ, मजबूत है." लक्ष्मीआईने मला गालाला लावून पाहिलं आणि म्हणाली, "मजबूत मेरेको नहीं चाहिए, नरम चाहिए. लडकी छोटी है." ती छोटी लडकी म्हणजे रीमा.

मुर्ध्यात खाडी जवळ, त्यामुळे डासांना काही कमी नाही. उन्हाळ्यात खिडकी लावली तर माणूस उकडून निघतो आणि उघडी ठेवली तर डास झुंडीने आत येतात. अशा वेळी मी हवा आत सोडायचे आणि डास बाहेर ठेवायचे. हे दोन्ही एकदम करून दाखवणं सोपं नाही बरं का! रीमा माझ्याखाली पाय पसरून झोपायची. लक्ष्मीआई शेजारणींना सांगायची, "आमची मच्छरदानी हाय म्हून पोर सुखान झोपते." असं कौतुक ऐकलं की मी आणखी ताठ व्हायचे.

पुढे माझे वाईट दिवस आले. आधी धुराच्या अगरबत्त्या आल्या, मग भिंतीतल्या प्लगला लावायचं मशीन आलं. त्या मशीनचा तोरा काय विचारता! पण लाईट गेली की त्याचं थोबाड बंद. तरी सगळे त्याच्यावरच खूश होते. रीमा मोठी झाली, नीरजशी लग्न करून मीरा रोडला सिल्व्हर पार्कमध्ये राहायला गेली आणि मला डांबरगोळ्यांसोबत माळ्यावर टाकलं. खरं सांगते, तेव्हा मला फार वाईट वाटलं. रागही आला. कामाचं माणूस असं अडगळीत टाकतात का?

या उन्हाळ्यात रीमा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. बाळाच्या नाकाशी मशीनचा वास नको, म्हणून लक्ष्मीआईला माझी आठवण झाली. तिने मला माळ्यावरून ओढलं, आणि मी खिळ्याला अडकून टर्रकन फाटले. चांगलं तळहाताएवढं भोक पडलं.

"थांब, मी शिवतो," तुळशीरामबाबा म्हणाले. तुळशीरामबाबा म्हणजे रीमाचे वडील. समुद्रावर जाणं त्यांनी आता सोडलंय, पण कोणाचं जाळं फाटलं की तो माणूस त्यांच्याच दाराशी येतो. मला आनंद झाला. एवढा नावाजलेला हात माझ्या अंगाला लागणार होता!

ते ओट्यावर बसले. जाळं विणायची लाकडी सुई घेतली, तिच्यात निळा नायलॉनचा दोरा भरला आणि गाठी मारायला लागले. हात असा चालत होता की बघत राहावं. पण काम पुढे सरकलं तशी मला शंका यायला लागली. मित्रांनो, जाळं विणताना बाबांचा एक नियम होता. बारीक मासळी सुटून गेली पाहिजे, तिला वाढू द्यायचं. त्यामुळे जाळ्याचं घर, म्हणजे गाठींमधलं भोक, नेहमी मोठं सोडायचं. आयुष्यभराची सवय ती. त्यांनी माझ्या भोकावर इतकी मोठी घरं विणली की प्रत्येकातून बोट आरपार जावं!

मला ओरडावंसं वाटलं, अहो बाबा, इथे बारीकच चोर आहेत! पण माझं कोण ऐकणार?

रीमाने पाहिलं. ती जरा चाचरत म्हणाली, "बाबा, भोकं मोठी नाही वाटत?"

"माझ्या जाल्याला नाव ठेवतेस?" बाबा फणकारले. "वढून बघ, एक गाठ सुटते का ती!"

गाठ कशाला सुटतेय! रीमाने ओढून पाहिलं आणि मान डोलावली. लक्ष्मीआईला चष्म्याशिवाय दिसत नाही, तिनेही मान डोलावली. मला टांगलं. दिवेलागणीला डास आले, निळ्या घरांतून हसत हसत आत गेले. मी नुसती लटकत राहिले.

दुसऱ्या दिवशी रीमाच्या सासूबाई, सुचेताताई, नातीला बघायला आल्या. झबली, टोपडी, लंगोटांसाठी मऊ मलमल, असं पिशवीभर घेऊन आल्या होत्या. बाळाला उचललं आणि त्यांचा चेहराच बदलला. बाळाच्या गालावर दोन लाल गांधी होत्या.

"हे काय गं रीमा? डास चावलेत हिला!"

"काल जरा..." रीमा बाबांकडे बघत म्हणाली.

"मी हिला घेऊन जातेय. तूही चल. बाहेर गाडी उभी आहे. आमच्याकडे सगळ्या खिडक्यांना जाळ्या आहेत, एसी आहे. मी इतके दिवस काही बोलले नाही, पण इतक्याशा जिवाची मला काळजी वाटते हो."

लक्ष्मीआई दारात येऊन उभी राहिली. पहिलं बाळंतपण, नातीचं बारसंही अजून व्हायचं होतं. असं अर्ध्यातून पोर उचलून नेली तर गावात तोंड कसं दाखवायचं? तुळशीरामबाबा ताडकन उठले. "मच्छरदानी मी सोता शिवलीय. कुठं फाटलीय ती दाखवा!"

सुचेताताई माझ्याजवळ आल्या. निळी जाळी पाहिली. त्यांनी एका घरात बोट घातलं आणि पलीकडून हलवलं.

"भाऊ, यातून सुरमई आत येणार नाही, याची मात्र खात्री वाटली मला," त्या म्हणाल्या.

रीमाला हसू फुटलं आणि लगेच तिने तोंडावर हात ठेवला. बाबा हसले नाहीत. ते त्या बोटाकडे बघत राहिले. मग नातीच्या गालाकडे बघितलं. इतक्या वर्षांत मी त्यांना कोणापुढे मान खाली घालताना पाहिलं नव्हतं.

"विहीनबाय, चूक माझी हाय. पोरीनं सांगलं व्हतं, मीच आयकलं न्हाय. पन बालाला नेव नका. बारशापरत ऱ्हाऊ द्या." त्यांचे डोळे भरले होते. मला तेव्हा त्यांचा जरासुद्धा राग येईना.

सुचेताताईंनी बाळाला रीमाच्या मांडीवर दिलं. मग पदर खोचला. "लक्ष्मीताई, कात्री आणि बारीक सुई द्या. आणि दिवेलागणीपर्यंत मी इथेच बसतेय. एक जरी डास आत गेला ना, तर मी बाळाला घेऊन निघणार. मग मला अडवायचं नाही."

निळी जाळी निघाली. मलमलीचा तुकडा माझ्या भोकावर बसला आणि सुचेताताईंनी चहूबाजूंनी बारीक टीप घातली. बाबाही स्वस्थ बसले नाहीत. मागच्या दारच्या टबात पाणी साचलं होतं, ते ओतून त्यांनी टब उपडा घातला. फुटक्या बादलीतलंही ओतलं. लक्ष्मीआईने अंधार पडायच्या आत खिडक्या लावून घेतल्या आणि माझी झालर गादीखाली नीट खोचली.

दिवेलागण झाली. आत रीमा आणि बाळ. बाहेर एका खुर्चीवर सुचेताताई, दुसऱ्या खुर्चीवर बाबा. दोघांची नजर माझ्यावर. एवढा बंदोबस्त करूनही एक डास कुठून तरी आलाच. माझ्या अंगावर बसला, नाडीपासून झालरीपर्यंत चालला, ठिगळाच्या टिपेवर तर दोनदा घिरट्या घातल्या. मी म्हटलं, शोध लेका शोध, दमशील! बाबा खुर्चीच्या कडेला सरकले होते. डास उडाला.

चटाक! सुचेताताईंनी दंडावर हात मारला. "आई गं! मला चावला मेला!"

"चावला?" बाबा खुर्चीवरून उठलेच. "तुमाला चावला? म्हंजे आत न्हाय गेला! चावू द्या विहीनबाय, चावू द्या!"

सुचेताताई आधी चिडल्या, मग इतक्या हसल्या की आतून रीमा म्हणाली, "आई, हळू, ती उठेल!" बाळ मात्र माझ्याखाली गाढ झोपलं होतं.

निघताना सुचेताताईंनी पर्स घेतली आणि दंड खाजवत म्हणाल्या, "भाऊ, बारशाला येते. तोवर नात तुमच्याकडे." बाबा हात जोडून उभे राहिले.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. मला अधूनमधून धुवा, कडक उन्हात वाळवा. भोक पडलं तर कोणाच्या हाताला किती नाव आहे ते बघू नका, टाका किती बारीक आहे ते बघा. घरातलं साचलेलं पाणी ओता, बाकीचं मी बघून घेते. आणि माझ्याबाहेर बसल्यावर तुम्हाला एखादा डास कडकडून चावला, तर माझ्यावर चिडू नका. आत कोण झोपलंय ते आधी बघा.