आडोसा

गिऱ्हाईक बाईंच्या खांद्यावर टेप धरून शिंपी माप घेत होता, तेवढ्यात दारात दोघे जण येऊन उभे राहिले. गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या अधिकारी बाई आणि पुठ्ठ्याचा घडीचा आडोसा काखोटीला मारलेला त्यांचा मदतनीस.

"घरून मतदान घ्यायला आलोय. अपंग मतदार इथेच राहतात ना?"

शिंप्याने गिऱ्हाइकाकडे चोरून पाहिले.

"पत्ता चुकला तुमचा," तो म्हणाला. "इथे तसं कोणी नाही."

मागच्या खोलीतून हाक आली. शब्द कळले नाहीत, पण आवाज चांगला खणखणीत होता. शिंप्याच्या हातातून टेप सुटली.

"धाकटा भाऊ माझा," तो पुटपुटला. "जन्मापासून तसाच आहे. त्याला काय कळतंय मतदानातलं?"

"अर्ज त्यांनीच केलाय, मोबाइलवरून," अधिकारी बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

धाकटा खाटेवर उशीला टेकून बसला होता. शर्टाच्या गुंड्या त्याने गळ्यापर्यंत लावल्या होत्या; त्या वेड्यावाकड्या बोटांनी कशा, देव जाणे. एक गुंडी भलत्याच काजात गेली होती. मान वेळावत तो काहीतरी बोलला.

"तुम्हीच खूण करा म्हणतोय," शिंप्याने परस्पर सांगून टाकले.

अधिकारी बाई खाटेशी वाकल्या.

"पुन्हा सांगता?"

धाकटा पुन्हा बोलला. त्या कान देऊन ऐकत राहिल्या, मग सरळ झाल्या.

"तुम्ही बाहेर थांबा, असं म्हणताहेत ते. मत गुप्त असतं."

शिंपी बाहेर दुकानात आला, मागे दार लोटले गेले. गिऱ्हाईक बाई अजून तिथेच होत्या.

"इतकी वर्षं तुमच्याकडे शिवतेय मी," त्या म्हणाल्या. "कधी बोलला नाहीत."

शिंप्याने उगाचच कात्री उचलली, खाली ठेवली. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. आतून हसू ऐकू आले. आधी अधिकारी बाईंचे, मग धाकट्याचे. धाकटा कुणाला हसवू शकतो, हे शिंप्याच्या गावीही नव्हते.

मंडळी गेली. "नंतर बघू," म्हणत गिऱ्हाईक बाईही माप अर्धवट टाकून निघाल्या.

शिंपी आत गेला. धाकटा बोटावरची शाई निरखत होता. मान वर करून तो काही बोलला. सवयीने "हो, हो" म्हणत शिंपी वळला आणि दाराशीच घुटमळला. मग मागे फिरून खाटेच्या कडेला बसला.

"परत सांग. कळलं नाही मला."

धाकट्याने त्याच्याकडे रोखून पाहिले. पुन्हा सांगितले. मग आणखी एकदा, सावकाश. तेव्हा कुठे शब्द सुटे झाले. खिडकी उघड.

गल्लीकडची ती खिडकी शिंप्यानेच लावून घेतली होती, येणाऱ्याजाणाऱ्यांना आतले दिसू नये म्हणून. कडी गंजली होती. दोन्ही हातांनी जोर लावावा लागला.

"कधीपासून सांगतोयस?" त्याने पाठमोऱ्यानेच विचारले.

धाकट्याने सांगितले. तू लावलीस तेव्हापासून. ते मात्र पहिल्याच खेपेला कळले.