चार वर्षांच्या कमरेत टोचलेली सुई

मी सुई बोलतेय. लगेच मागं सरकू नका, माझं काम उरकलंय.

लेकरांच्या पोटाखालच्या ऑपरेशनला माकडहाडाजवळून औषध सोडायचं, म्हणजे कमरेखालचं दुखणं काही तास बंद. एवढ्यासाठी माझा जन्म. कारखान्यातून मी धाराशिवच्या एका दवाखान्यात आले आणि दीड वर्ष कपाटात आराम केला.

कारण सर्जन डॉ. रणधीर मोठे ज्ञानी. लेकरं दुखतंय म्हणून नाही, सवयीनं रडतात, असा त्यांचा शोध होता. ऑपरेशन झालं की चमचाभर सिरप लिहायचे आणि चहाला जायचे. चहाच्या खोलीचं दार जाड होतं.

मग भूलतज्ज्ञ डॉ. श्रीदेवी आल्या. त्याच आठवड्यात तेर गावची चार वर्षांची शिवकन्या मूत्राशयातला खडा काढायला दाखल झाली. श्रीदेवींनी माझं पाकीट दाखवून समजावलं, की आधी पूर्ण भूल देऊ, मग झोपेतच कमरेत औषध.

आजी हरणाबाई बिथरल्या. गावात ज्याची त्याची कंबर सुईनंच गेलीय, म्हणाल्या. जन्मभर वाकून केलेली खुरपणी बहुतेक निर्दोष होती. रणधीरांनाही दहा मिनिटं वाया जातील याचं दुःख झालं.

शेजारच्या खाटेवर आदल्या दिवशी ऑपरेशन झालेलं बाळ कळवळत होतं. शिवकन्येची आई उमादेवी मघापासून त्याच्याकडंच बघत होती.

"आत्याबाई, तुम्ही रागवा," ती सासूला म्हणाली, "पण माझं लेकरू असं तळमळायचं न्हाय." आणि तिनं सही केली.

खडा निघाला. वापरलेली सुई तिथंच डब्यात टाकायची, असा नियम आहे. नियमाचा कागद भिंतीवर आहे, मी मात्र ट्रेमधून वॉर्डात पोचले. म्हणून पुढचं पाहिलं.

शिवकन्या जागी झाली, रडली नाही. पण पाय हलेनात. उमादेवीचा चेहरा उतरला. हरणाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. आपण आधीच नको म्हणालो होतो, हे रणधीरांना तत्परतेनं आठवलं.

श्रीदेवींनी स्टूल ओढलं. "औषध उतरलं की पाय हलतील. तवर मी इथनं उठत न्हाय."

दोन तास त्या उठल्या नाहीत. उमादेवी पोरीचे तळवे चोळत राहिली. मग एक अंगठा हलला, मग दुसरा, आणि शिवकन्येनं चादर लाथाडून बिस्किट मागितलं. हरणाबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि आपल्यासाठी आलेला चहा श्रीदेवींपुढं ठेवला.

रणधीर नातेवाइकांना सांगत होते, आपला हात फार हलका.

आता मी पांढऱ्या डब्यात, फुटक्या बाटल्यांच्या शेजारी पडलेय. उद्या गाडी येईल नि मी संपेन. लेकरू जेवेना की माझ्या नावानं धमकी देता, खुशाल द्या. पण त्याचं ऑपरेशन ठरलं, तर डॉक्टरांना एवढं विचारा, "ह्याच्या दुखण्याचं काय करणार?" डॉक्टर हसतील. हसू द्या. उत्तर येईपर्यंत जागचं हलू नका.