बॉनेट गरम होते म्हणून

शुक्रवारी सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी एका अनोळखी माणसाने माझ्या बॉनेटवर तळहात ठेवला आणि चटकन उचलला. तिथेच माझी विक्री अडली.

मित्रांनो, मी एक जुनी जपानी स्पोर्ट्स कार आहे. वय बावीस वर्षे, दारे दोन. अकरा वर्षांपूर्वी मला घेणारा माझा मालक लिफ्ट दुरुस्त करतो. माणसांना वर नेण्याची सोय बघणाऱ्या या गृहस्थाने मला मात्र दोन इंच खाली आणले. स्प्रिंगा बदलल्या, टर्बो बसवला, रुंद टायर घातले. सिग्नलला लोक माझे फोटो काढत, तेव्हा तो लाजून काच वर करी.

आता त्याच्या आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावे लागते. एकदा ती माझ्यात बसली. उतरताना तिला दोघांना धरून ओढावे लागले. "अरे, ही गाडी आहे की विहीर?" ती म्हणाली. परवा टॅक्सी आली नाही आणि तिची एक खेप चुकली, पाय सुजले. एक उंच गाडी मालकाने बघून ठेवली आहे. मी विकली गेले तरच ती घरी येईल, आणि तिचा मालक रविवारपर्यंतच थांबणार आहे.

मला बघायला आलेल्या गृहस्थांचे चष्म्याचे दुकान आहे.

"इंजिन आधीच तापवून ठेवलंत?"

"सवय आहे हो, काका. रोज दहा मिनिटं तापवतो. गार इंजिन पळवलं की ते लवकर झिजतं."

"की गार असताना खडखडतं, म्हणून?"

"छे हो! तसं असतं तर आधीच सांगितलं असतं."

"सगळे असंच म्हणतात. उद्या सातला येतो. तोवर किल्लीला हात लावू नका."

अकरा वर्षे ज्या सवयीने मला जपले, तिनेच मालकाला लबाड ठरवले. मित्रांनो, जुनी वस्तू जरूर पारखून घ्या. पण ती जपणाऱ्याचेही नीट ऐका.

एक गोष्ट मात्र मला स्वस्थ बसू देत नाही. गार असताना पहिले दोन सेकंद मी खरोखरच खडखडते. मालकाच्या कानाला ते इतके सवयीचे झाले आहे की त्याला ऐकूच येत नाही.

आज शनिवार. तो पावणेसहापासून माझ्याभोवती फेऱ्या मारत होता. आई काठी टेकत पायरीवर येऊन बसली.

"आला का रे तुझा चष्मेवाला?"

"निघालेत म्हणे."

"आठची वेळ आहे बरं माझी."

सात वाजून बारा मिनिटांनी चष्मेवाले आले. ते माझ्यापाशी वाकून कान देऊन उभे आहेत. मालक आत बसला आहे. किल्ली लावली आहे, अजून फिरवलेली नाही.