डायरेक्ट केलेली तार

ठिणगी हे तिचं खरं नाव नव्हे. आईने लहानपणी चिडून ठेवलेलं नाव पुढे धंद्यातही चाललं. फोटो लॅबमधली प्रिंट काढायची यंत्रं ती दुरुस्त करायची. कोमट रसायनाच्या टाक्या, कागद पुढे ढकलणारे रोलर, प्रिंट वाळवणारी गरम हवेची पेटी, यातलं काही बिघडलं की लोक तिला बोलवत. एक दादा सोडून. वडिलांची लॅब तोच चालवत होता. बहीण आली की हातासरशी चार गोष्टी ऐकवून जाते, असं त्याचं म्हणणं, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

या वेळी मात्र त्याने स्वतः फोन केला. प्रिंट काळपट येत होते, नवरदेवाच्या पांढऱ्या कपड्यांवर पिवळट झाक उतरत होती आणि लग्नाचं मोठं काम अडकलं होतं. नेहमीचा मेकॅनिक फिरकत नव्हता.

ती पोचली तेव्हा वहिनी काउंटरमागे बसून डाव्या हाताने प्रिंट पाकिटात भरत होती. उजवा हात मनगटापर्यंत बँडेजमध्ये होता. ठिणगीने विचारायच्या आत दादाच म्हणाला, की गॅसवरचं भांडं उतरवताना भाजलं, हिचं लक्ष कुठे असतं कोण जाणे. वहिनीने पुढचं पाकीट उचललं.

ठिणगी डार्करूममध्ये गेली, दिवा लावला आणि यंत्राचं बाजूचं झाकण उघडलं. पहिल्या टाकीचा पंप रसायनाच्या खड्यांनी गच्च चोंदला होता. रसायन फिरतच नव्हतं. हीटरजवळचं उकळत होतं आणि वरचं जेमतेम कोमट होतं. अशा वेळी आपोआप वीज तोडायला हीटरच्या वाटेवर एक छोटी डबी बसवलेली असते. त्या डबीच्या दोन टोकांना लाल तारेचा तुकडा पिळून जोडला होता. वीज डबीला वळसा घालून सरळ हीटरमध्ये. धंद्यात याला ‘डायरेक्ट करणं’ म्हणतात, आणि ठिणगीच्या मते असं करणाऱ्याला त्याच टाकीत बसवायला हवं.

टाकीतला रोलरचा सांगाडा एका बाजूने वर उचकटलेला होता. कुणीतरी तो घाईने ओढला होता. तिने सांगाड्याकडे पाहिलं, मग दाराबाहेर दिसणाऱ्या बँडेजकडे, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“वहिनी, गॅसवर काय उतरवत होतीस?”

वहिनीने दादाकडे पाहिलं. मग हातातलं पाकीट बाजूला ठेवलं आणि सपाट आवाजात सगळं सांगून टाकलं. डबी हीटरची वीज सारखी तोडत होती म्हणून यांनी तार जोडली. टाकीतून करपल्यासारखा वास येतोय, हे तिने दोनदा सांगितलं. तुला सगळीकडे वासच येतात, असं उत्तर मिळालं. मग कागद अडकला. ती दिव्याकडे वळली तेव्हा हे बाहेरून ओरडले, दिवा लावू नकोस, आतला कागद वाया जाईल. म्हणून तिने अंधारातच टाकीत हात घातला.

“आणि डॉक्टरांना?”

“गॅसचंच सांगितलं. हेच म्हणाले, लॅबचं नाव कशाला निघायला हवं.”

बँडेजच्या कडेला कातडी लालभडक होऊन फुगली होती. भाजलेल्या जागी रसायन मुरलेलं, आणि डॉक्टर बिचारे साध्या भाजण्यावरचं मलम लावत बसलेले. ठिणगीने हातातला स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला. तिचा आवाज चढला नाही, त्यामुळे दादा जास्तच घाबरला.

“एका कागदासाठी बायकोचा हात उकळत्या टाकीत घातलास तू.”

दादा म्हणाला, त्याला काय ठाऊक होतं इतकं तापलं असेल ते. झालं ते झालं, आधी मशीन तेवढं चालू करून दे, लोक दारात उभे राहतील. खरं तर तो पुढेही बोलणार होता, पण तोवर ठिणगीने वहिनीची चप्पल तिच्यापुढे सरकवली होती. उघडं यंत्र आणि दादा, दोघांना तसंच सोडून त्या दोघी दवाखान्याकडे निघून गेल्या.

खरं कळल्यावर डॉक्टरांनी जखम पुन्हा धुतली, औषध बदललं, आणि उशीर झाल्याबद्दल ठिणगीलाच झापलं. तिने ते मुकाट ऐकून घेतलं. हात बरा होणार होता. करंगळी पूर्वीसारखी वळेल की नाही, हे सांगता येत नव्हतं. परतताना ठिणगी म्हणाली, मी त्या मशीनला हात लावत नाही, बसू दे त्याला बोंबलत. वहिनीने नकार दिला. लॅब तिचीही होती. रंग तीच ठरवायची, गिऱ्हाईक तिच्या भरवशावर यायचं.

“तू दुरुस्त कर,” ती म्हणाली. “पण आत मी जाणार नाही.”

दुसऱ्या दिवशी ठिणगीने पंप साफ केला, नवी डबी बसवली, सांगाडा सरळ केला आणि तापमान जागेवर आणलं. दादा आजूबाजूला घुटमळत होता. ती त्याच्याशी चकार शब्द बोलली नाही. यंत्र तयार झालं तशी वहिनीने आपला एप्रन त्याच्या हातात दिला. तो हसला, मग त्याला कळलं की ही थट्टा नव्हे.

तो अंधारात शिरला. इतक्या वर्षांत त्याने आतलं काम क्वचितच केलं होतं. आधी काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग त्याने कागद उलटा घातला, आणि बाहेर कोरी पट्टी आली. वहिनी दाराशी स्टूल टाकून बसली आणि बाहेरूनच सांगत राहिली, गुळगुळीत बाजू बोटाने ओळखायची, घाई करायची नाही. मग दारामागून त्याचा आवाज आला.

“तुझं ऐकायला हवं होतं मी.”

“बाहेर येऊन म्हण,” वहिनी म्हणाली.

कागद आत गेल्यावर तो बाहेर आला. घामाने निथळलेला, उजेडात डोळे मिचकावणारा. तिच्या बँडेजकडे बघून मग तेच वाक्य तिच्या तोंडावर म्हणाला. वहिनीने, ऐकलं, एवढंच उत्तर दिलं आणि नुकताच बाहेर पडलेला प्रिंट उजेडात धरला. पांढरा रंग पांढरा आला होता.

ठिणगीचा राग काही उतरला नव्हता. हत्यारं पिशवीत भरताना ती भावाला म्हणाली, पुन्हा अशी तार दिसली तर हे मशीन उचलून भंगारात घालीन, आणि मग तुझ्याकडे वळेन. दादाने मान डोलावली. तिने पिशवी खांद्याला लावली आणि त्याच्याकडे न बघता बाहेर पडली.