आठवडाभर म्हैस कोण पिळणार

किकवीच्या धनाजी शेडग्यानं बायकापोरांसकट सात दिवस पाण्याच्या खेळांच्या पार्कात राहायचं ठरवलं, त्याला कारण शेजारचा मानसिंग. मानसिंग घरच्यांना घेऊन घाटाखालच्या कुठल्याशा पार्कात चार दिवस पाळण्यात बसून आला, आणि आल्यापासून त्याच्या तोंडून दुसरा विषय निघंना. त्याच्यावर कडी करायला पाच दिवस पुरले असते. पण धनाजी एकदा पेटला की आवरायचा न्हाई. त्यानं सात दिवसांचं बुकिंग करून टाकलं.

त्याची बायको स्नेहल वरव्याकडच्या एका कारखान्यात दिवसभर उभी राहून खोकी चिकटवायची. पहाटे म्हशीची धार, मग डबे, मग खोकी, सांजच्याला पुन्हा धार आणि पुन्हा भाकरी. तिला ना पाळणे हवे होते ना घसरगुंड्या. धनाजीनं मोबाईलवर खोलीचा फोटो दाखवला, त्यात तिला नुसता पलंग दिसला. पांढरी चादर, चार उशा आणि वर कुणीच नाही. त्यावर आठवडाभर आडवं पडायचं, एवढ्यासाठी ती हो म्हणाली आणि सुपरवायझरच्या हातापाया पडून रजा काढून आली.

पण बेत जसजसा पक्का होत गेला तसतसा तो पलंग लहान होत गेला. आधी कळलं की खोलीत पलंग एकच. त्यात धनाजी, सात वर्षांची वैष्णवी आणि तीन वर्षांचा राजवीर, जो झोपेत घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो आणि फिरताना लाथ मारतो. मग कळलं की राजवीरची उंची कमी, त्याला मोठ्या पाळण्यात घेत नाहीत. त्यानं प्लास्टिकच्या बदकात बसायचं, तेही मोठ्या माणसाच्या मांडीवर. मोठं माणूस कोण, हा प्रश्न धनाजीला पडलाच नाही. तो आणि वैष्णवी उंचावरून पाण्यात पडणार होते. सात दिवस बदकात स्नेहल.

त्यात पार्कात बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत म्हणे. सासूबाईंना, म्हणजे साळूबाईंना, हे काही केल्या पटंना. भाकरी घरची आहे, ती बाहेरची कशी होईल, असं त्यांचं म्हणणं. गुडघ्यांपायी त्या स्वतः काही जाणार नव्हत्या, पण त्यांनी स्नेहलच्या परकराला आतून सहा खिसे शिवले आणि भाकऱ्या घालून तिला अंगणात चालून बघायला लावलं. स्नेहल चालली. पावलागणिक गुडघ्यावर भाकरी आपटत होती.

सगळं ठरल्यावर सगळ्यांना चंद्री आठवली.

चंद्री ही म्हैस. तिचं रेडकू गेल्या साली दगावलं, तेव्हापासून ती फक्त स्नेहलच्या हाताला पान्हा सोडायची. दुसऱ्या कुणी कासेला हात लावला की दूध वर चढवून घ्यायची आणि वर लाथ. साळूबाईंना खाली बसवत नव्हतं. मानसिंग मोठ्या तोऱ्यात चरवी घेऊन आला, म्हणाला चार दिवस पार्कात काढलेला माणूस हाय म्या, आणि चरवी उकिरड्यात शोधून घरी गेला.

शेवटी साळूबाईंनी जुना तोडगा काढला. जनावराला जिची सवय, तिचं कापड अंगावर घ्यायचं. म्हणून धनाजीनं स्नेहलचा फुलाफुलांचा गाऊन घातला; पार्कातून रोज दोन वेळा फटफटीवर येऊन धार तोच काढून जाणार होता. चंद्रीनं मागं वळून गाऊन हुंगला, वर बघितलं आणि मिशीवर फुस्सकन शिंकली. दुसऱ्या दिवशी धनाजीनं मिशी काढली. चंद्रीनं चेहरा चालवून घेतला, पण बांगड्या वाजंनात म्हणून पान्हा चोरला. मग बांगड्या आल्या. एवढ्यात शाळेची पोरं रोज गोठ्यावरून वाट काढायला लागली होती आणि मानसिंग स्टुल घेऊनच यायचा.

निघायच्या आदल्या सांजेला नवल झालं. गाऊन, बांगड्या, गुळगुळीत तोंड घेऊन धनाजी बसला आणि चंद्रीनं डोळे मिटले. धार चरवीत वाजायला लागली. एक, दुसरी, मग सरसर. धनाजीच्या तोंडावर असं हसू फुटलं की लग्नातसुद्धा तसं फुटलं नव्हतं.

स्नेहल गोठ्याच्या दाराआड उभी होती. आता जायचंच होतं. तिला बदक दिसलं. भाकऱ्या दिसल्या. राजवीरची टाच दिसली. दिवसभर उभं राहून तिच्या पोटऱ्यांत गोळे आले होते, आणि तिला एवढंच कळत होतं की ह्या आठवड्यात पाठ टेकली न्हाई तर ती कधीच टेकणार न्हाई.

"चंद्रे," ती हळूच म्हणाली.

चंद्रीनं डोळे उघडले. दाराकडं बघितलं, मग गाऊनमधल्या माणसाकडं बघितलं. फसवणूक ध्यानात आली. पुढचं मानसिंगनं गावभर सांगितलंच. चरवी पत्र्याला लागली, आणि धनाजीला शेणातून उठवताना बांगड्या फुटल्या.

रात्री बिनमिशीचा धनाजी भिंतीला टेकून बसला. बुकिंग परत होत न्हाई, म्हणाला. स्नेहलनं पुरेसा पडेल चेहरा केला.

"अवो, तुमी जावा की पोरांना घिऊन. म्या राहते म्हशीपाशी. माझं काय."

"आन् बदकात कोण बसणार?"

"म्या बसते," साळूबाई म्हणाल्या. "नुसतं बसायचंच हाय न्हवं? चालाय सांगू नगा म्हंजे झालं."

स्नेहल मोरीत भांडी घासत होती तेव्हा साळूबाई भिंत धरत धरत तिच्यामागं येऊन उभ्या राहिल्या.

"पुढच्या बारीला हाक जरा हळू मार," त्या म्हणाल्या. "परसात ऐकू येती."

स्नेहलचा हात थांबला.

"आत्याबाई, म्या..."

"परकर दे तुझा. खिसं माझ्या परकराला लावते."

सकाळी जीप आली. राजवीर आईसाठी रडला, मग खिडकीची काच खालीवर करायला मिळाली तसा गप्प झाला. साळूबाई परकर सांभाळत पुढं बसल्या. जीप हायवेला लागून पुण्याकडं वळली. स्नेहल दिसेनाशी होईतो हात हलवत राहिली, मग घरात आली, कडी लावली आणि भुईवर गोधडी टाकली.

थोड्या वेळानं मोबाईल वाजला. गाडी अजून खेड शिवापूरलाबी पोचली नसणार. पुन्हा वाजला. बाहेरून मानसिंगची बायको हाका मारायला लागली, एकलीच हायेस म्हनं, ये की जेवायला, आन् आल्यावर धनाजीभावजींचं ते पुन्हा पयल्यापासनं सांग.

स्नेहलनं मोबाईल पिठाच्या डब्यात टाकला, झाकण लावलं आणि गोधडी डोक्यावरून घेतली. सांजच्या धारेला अजून लई वेळ होता.