आभाराच्या ओळीतली बाई

मंगळवारी सकाळी त्या घरात नेहमीचीच धांदल होती. बाबांचा एक मोजा सापडत नव्हता, मुलगी दात घासता घासता बोलत होती आणि आई एका हाताने डबे भरत दुसऱ्या हाताने बाबांच्या फायलीतले कागद तारखेप्रमाणे लावत होती. मुलीला घरात सगळे भोंगा म्हणत. आवाज तसाच होता आणि पंधराव्या वर्षीही तो कमी होण्याचं काही लक्षण नव्हतं.

"वकीलबाईंनी सगळ्या कुटुंबाला बोलावलंय. मी कुटुंबात मोडते," भोंगा म्हणाली.

"तिथं जाऊन काही मोडू नकोस म्हणजे झालं," आई म्हणाली.

बाबा बियाण्यांचे संशोधक. विद्यापीठातला त्यांचा करार चार महिन्यांनी संपणार होता आणि त्याआधी या परक्या देशात कायम राहण्याचा अर्ज जायला हवा होता. अशा अर्जात एक मुख्य अर्जदार असतो. त्याने काय शोध लावला ते सिद्ध करायचं, आणि बाकीचं घर त्याच्या शेपटाला बांधून 'अवलंबित' या रकान्यात जातं.

आईसुद्धा बियाण्यांचीच संशोधक. तिची पदवी तर बाबांच्या एक वर्ष आधीची. पण इथे ती अवलंबित म्हणून आली आणि अवलंबिताला पगारी नोकरीची मुभा नव्हती. मग ती बाबांच्या प्रयोगशाळेत बिनपगारी पाहुणी म्हणून बसू लागली. अशी नऊ वर्षं बसली. त्या काळात बाबांचे अकरा शोधनिबंध निघाले. अकराही निबंधांच्या शेवटी बारीक अक्षरात एकच ओळ होती: पत्नीच्या सहकार्याबद्दल आभार.

यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं, खरी गोम तिथेच होती. आजोबा दर रविवारी फोनवर सांगत, "घर एक, अर्ज एक, नाव एक. संसार असाच चालतो, सूनबाई." आणि सूनबाई "हो" म्हणे. नाही म्हणायचं असतं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

वकीलबाईंच्या कार्यालयात चार खुर्च्या, एक वाळत चाललेलं रोप आणि एक टायपिस्ट मावशी एवढाच सरंजाम होता. सगळे अशील प्राध्यापक नाहीतर संशोधक, त्यामुळे तिथला नियमही जगावेगळा होता. अर्जदाराने आपलं काम आधी टायपिस्ट मावशींना समजावून सांगायचं. मावशींना कळलं, तर सरकारी अधिकाऱ्याला कळेल. मावशी दहावी झालेल्या, आणि त्यांच्यापुढे मोठमोठ्या पंडितांना घाम फुटलेला होता.

"सांगा," मावशी म्हणाल्या. "बी रुजणार की नाही, हे पेरल्याशिवाय कसं कळतं?"

"बी पाण्यात भिजवतात," बाबा म्हणाले. "मग पाण्यात किती क्षार उतरले ते यंत्राने मोजतात. अठरा मिनिटांनी पाणी बदलायचं आणि—"

"अठराच का?"

"ती प्रमाणित पद्धत आहे."

"ते असेल हो. पण का?"

बाबांनी चष्मा पुसला. तापमानाबद्दल काहीतरी सुरू केलं, अर्ध्यात सोडलं, पुन्हा चष्मा पुसला.

"पहिलं पाणी फेकायचंच असतं," कोपऱ्यातून आई सवयीने म्हणाली. "सालीवरची माती त्यात सुटायला अठरा मिनिटं लागतात, आणि तिच्यातही क्षार असतात. ती मोजली, तर चांगली बीसुद्धा मेलेली दिसते. पहिल्या वर्षी मी तीनशे चांगल्या बिया अशाच मेलेल्या ठरवून टाकल्या होत्या. नंतर त्यातल्या काही कचऱ्याच्या डब्यात उगवल्या, तेव्हा कळलं."

मावशी हसल्या. "आणि मेलेली बी ओळखायची कशी?"

"जिवंत बी आपलं आपल्यापाशी धरून ठेवते. मेलेली सगळं सोडून देते."

बोलून झालं, आणि आपण काय बोललो ते आईच्या लक्षात आलं. वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं.

बाबांनी घाईघाईने खिशातून एक कागद काढला. "म्हणूनच हे लिहून आणलंय. शिफारसपत्रात प्रयोगशाळेच्या जुन्या सरांनी 'या दोघांचं काम' असं लिहून ठेवलंय. उगाच शंका नको. तू फक्त सही कर."

आईने कागद वाचला. 'मी केवळ कारकुनी व घरगुती स्वरूपाची मदत केली. पद्धत पूर्णतः माझ्या पतीची आहे.'

"घरगुती," ती म्हणाली. "म्हणजे मी तिथं भांडी घासत होते का हो?"

"शब्दाला काय धरून बसतेस? यात आपल्या तिघांचं भलं आहे."

"बाबा, प्रयोगांच्या वह्या तर सगळ्या आईच्या अक्षरात—" भोंगा म्हणाली.

"तू गप्प बस."

आयुष्यात पहिल्यांदा भोंगा गप्प बसली, कारण आईने सहीचं पेन उचललं होतं.

आईने पेनाला टोपण लावलं. "मी सही करणार नाही."

"अगं, चार महिने राहिलेत. एवढ्या एका ओळीसाठी घर पणाला लावतेस?"

"एक नाही, अकरा ओळी. मी मोजल्यात."

"आता मला कळलंय, तेव्हा खोटा कागद मी लावू शकत नाही," वकीलबाई बाबांना म्हणाल्या. मग खुर्ची आईकडे वळवली. "अर्ज तुमच्या नावाने जाऊ शकतो. वह्या हव्यात, आणि निबंधांवरची नावं दुरुस्त करण्यासाठी यांनी स्वतः नियतकालिकांना पत्रं लिहायला हवीत. वर्ष-दीड वर्ष लागेल. हमी नाही. मधेच करार संपला, तर कदाचित देश सोडावा लागेल."

"हिची शाळा?" आईने विचारलं.

"तीही."

आईने लेकीकडे पाहिलं. भोंगाला शाळेत नुकतंच वादविवादाच्या संघात घेतलं होतं. वहीच्या पुठ्ठ्यावर तिने संघाचं नाव चार रंगांत लिहिलं होतं. ती वही तिने उलटी करून मांडीवर ठेवली. "मी कुठंही बोलू शकते, आई," ती म्हणाली, पण आवाज भोंग्याचा नव्हता.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर कोरा अर्ज पडला होता. आईने पहिल्या ओळीत, मुख्य अर्जदाराच्या जागी, स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. सासरचं आडनाव लिहिताना थबकली, मग पदवीवरचं लिहिलं. अवलंबिताच्या रकान्यात मुलीचं नाव आलं. त्याच्या वरची ओळ तिने रिकामी सोडली आणि अर्ज बाबांपुढे सरकवला.

"हे तुमचं तुम्ही भरा. दुसऱ्याच्या नावाचं आता मी भरणार नाही. आणि पत्रंही तुम्हीच लिहायची."

बाबा पेन धरून बसले. त्या रकान्यात नऊ वर्षं एक माणूस राहिलं होतं, आणि तो एवढा अरुंद आहे हे त्यांना आज दिसत होतं. फोन वाजला. आजोबांचा होता, आज काय झालं ते विचारायला. बाबांनी उचलला नाही. पण लिहिलंही काही नाही.

ती ओळ भरली गेली की नाही, अर्ज मंजूर झाला की नाही, हे तुम्ही विचाराल. त्याआधी एक करा. तुमच्या घरातल्या कपाटात एखादं पुस्तक, प्रबंध किंवा अहवाल असेल. तो उघडा, पहिलं नाव वाचा, आणि शेवटच्या आभाराच्या ओळीपर्यंत जा. तिथे जी बाई उभी आहे, तिला जाऊन विचारा, की अठराच मिनिटं का?